वंशाला संस्कृती द्यायची कशी? आरपीजी कॅम्पेनसाठी एक कामाची पद्धत

आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र वठवत खेळायचा गोष्टीचा खेळ, आणि कॅम्पेन म्हणजे त्यातली अनेक बैठका चालणारी लांब गोष्ट. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, एखाद्या अनोळखी वस्तीत शिरते तेव्हा खेळाडू डीएमला, म्हणजे ते जग आणि गोष्ट चालवणाऱ्याला, तिथला तीन हजार वर्षांचा इतिहास विचारत नाहीत. ते विचारतात, रात्री राहायला जागा मिळेल का? तो पहारेकरी एवढा का चिडला? इथल्या प्रमुखाला भेटायचं तर आधी कुणाला गाठायचं? वाटेत मेलेल्या साथीदाराचं काय करायचं? वंश म्हणजे खेळातल्या जगात राहणारे एल्फ, ड्वार्फ, ऑर्क यांसारखे काल्पनिक लोक. वंशाची संस्कृती म्हणजे अशा प्रश्नांची उत्तरं. ती डीएमला न अडखळता देता आली पाहिजेत, एकमेकांशी जुळली पाहिजेत, आणि डोंगराच्या पोटात राहणाऱ्या बुटक्या ड्वार्फांच्या गडावर मिळालेलं उत्तर एल्फांच्या रानातल्या उत्तराहून वेगळं असलं पाहिजे.

बहुतेक जण सुरुवात विशेषणांनी करतात. ऑर्क लढाऊ, एल्फ निसर्गप्रेमी, ड्वार्फ अभिमानी. पण अभिमानी लोक पाहुण्याला दाराबाहेर ताटकळत ठेवतात की घरात घेऊन पोटभर जेवू घालतात? अभिमानापोटी माणसं दोन्ही करतात. विशेषणातून उत्तर निघत नाही, आणि ऐन सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या बैठकीत, उत्तर सुचलं नाही की सगळे वंश शेवटी एकाच आवाजात बोलू लागतात, फक्त कुणाचे कान टोकदार असतात आणि कुणाची दाढी लांब. म्हणून मी उलट्या टोकाकडून सुरुवात करायला सांगेन. आधी शरीर, मग पोट, मग काळ, मग भांडण. विशेषणं खेळाडू स्वतःच लावतील.

उदाहरणाला मुद्दाम ड्वार्फ घेतो, कारण त्यांचा साचा सगळ्यांना पाठ आहे आणि तो मोडताना पद्धत स्पष्ट दिसते. आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीच्या 2014 च्या नियमांतले आहेत. तुमची सिस्टीम दुसरी असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

पायरी पहिली: नियमपुस्तकातून फक्त शरीर उचला

वंशाचं पान उघडा आणि स्वभावाबद्दल जे लिहिलंय ते सध्या बाजूला ठेवा. आयुष्य किती, डोळ्यांना काय दिसतं, जन्म कसा होतो, झोप किती लागते, खायला काय लागतं, एवढंच टिपून घ्या. ड्वार्फ साधारण 350 वर्षं जगतो. एल्फ 750 पर्यंत जातो आणि त्याला झोपेऐवजी चार तासांचं ध्यान पुरतं. ड्रॅगनसारखं रूप असलेला ड्रॅगनबॉर्न अंड्यातून येतो, काही तासांत चालायला लागतो, तिसऱ्या वर्षी माणसाच्या दहा वर्षांच्या मुलाएवढा होतो आणि पंधराव्या वर्षी कर्ता. या प्रत्येक ओळीत एक अख्खी समाजरचना दडलेली आहे.

ती बाहेर काढायची तर प्रत्येक गोष्टीला किमान तीनदा 'मग काय?' विचारा. ड्वार्फांचं डार्कव्हिजन घेऊ. अंधारात साठ फुटांपर्यंत दिसतं, पण रंग कळत नाहीत, सगळं करड्या छटांत.

मग काय? गडाच्या अंधाऱ्या गल्ल्यांत रंगाला काही अर्थ नाही. रंगीत झेंडे, रंगवलेल्या पाट्या, घराण्याचे रंगीत पट्टे हे सगळं निरुपयोगी. खुणा कोरीव असणार, नक्षीच्या असणार, हाताला लागतील अशा असणार. कुळाची ओळख पट्ट्याच्या विणीवरून पटेल.

मग काय? रंग फक्त दिव्याच्या उजेडात दिसतो, आणि दिव्याला तेल लागतं, जे डोंगराच्या पोटात मिळत नाही. म्हणजे उजेड महाग. जिथे दिवा लागतो तिथे काहीतरी मोलाचं चाललेलं असतं. रत्नाची पारख दिव्यात, लग्न दिव्यात, न्यायनिवाडा दिव्यात, कारण उजेडात माणसाचा चेहरा लाल झाला की पांढरा पडला ते कळतं.

मग काय? दिव्याखाली दिलेला शब्द पक्का, अंधारात दिलेला शब्द बोलण्यापुरता. सौदे अंधारात सुरू होतात आणि दिव्यात संपतात. आता पार्टी पेटत्या मशाली घेऊन या गडाच्या मुख्य रस्त्यावरून चालत आली, तर लोक काय करतील? वाटेवरची माणसं गप्प होतील. त्यांच्या लेखी या परक्यांनी भर रस्त्यात सगळ्यांना शपथेवर उभं केलंय. कुणी दाराआड जाईल, आणि एखादी म्हातारी पुढे येऊन वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली कबुली देऊन टाकेल. हा प्रसंग मी आधी ठरवला नव्हता, तो डोळ्यांच्या एका नियमातून निघाला.

साठ फुटांचा आकडाही वाया घालवू नका. साठ फुटांहून रुंद दालनात समोरची भिंत दिसत नाही. ज्यांनी सगळं आयुष्य भिंतींच्या आत काढलं त्यांना अशा दालनात काय वाटत असेल? त्यांची देवळं म्हणजे अशी मोठी दालनं असू शकतात. गुन्हेगाराला कोंडायची जागाही तीच असू शकते, परतीच्या वाटेची दोरी कापून मध्यभागी सोडून दिलेला.

एका शारीरिक गोष्टीवर अख्खा समाज उभा करण्याचं उत्तम उदाहरण रूनक्वेस्ट या 1978 च्या खेळातल्या ग्लोरान्था जगात आहे. तिथल्या ट्रोल नावाच्या राक्षसी वंशाला शाप आहे आणि त्यांच्या पोटी बहुतांशी दुबळी, खुजी पोरं जन्माला येतात. या एका दुःखातून त्यांची आईपणाची कल्पना, उच्चनीच आणि देवांवरचा राग सगळं येतं. असे ट्रोल मारून पुढे जाणं खेळाडूला जड जातं.

पायरी दुसरी: त्यांच्याकडे काय नाही ते शोधा

वंशाकडे काय भरपूर आहे हे सगळे लिहितात. ड्वार्फांकडे लोखंड, सोनं, दगड. संस्कृतीला धार येते ती उणिवेमुळे.

डोंगराच्या आत ऊन नाही, म्हणजे पीक नाही. 'ते अळंबी खातात' म्हटलं की बहुतेक जण पुढे जातात, पण अळंबी काही हवेतून उगवत नाही. तिला लाकूड, पेंढा, शेण असं कुजणारं काहीतरी लागतं, आणि ते बाहेरूनच आणावं लागतं. दुसरी गोष्ट भट्टी. जुन्या पद्धतीने लोखंड गाळायला लाकडी कोळसा लागतो, आणि एक किलो कोळशासाठी ढोबळमानाने चार ते सात किलो लाकूड जळतं. हजार लोहारांचा गड चालवायचा तर आसपासचं जंगल हाताशी हवं. तिसरी गोष्ट कथील. कांसं म्हणजे साधारण नऊ भाग तांबं आणि एक भाग कथील, आणि हे दोन्ही एकाच डोंगरात सापडणं दुर्मीळ. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातलं एक बुडालेलं जहाज सापडलं, त्यात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील होतं. धातूवर जगणारे लोक एकटे राहूच शकत नाहीत, त्यांना दूरचे सोयरे आणि व्यापारी लागतातच.

आता एल्फ आणि ड्वार्फ यांच्या वैराकडे पाहा. एरवी ते 'पूर्वापार' असतं, कारण कुणी विचारलेलं नसतं. इथे कारण समोर आहे. ड्वार्फांची आग एल्फांच्या रानात वाढते. आणि हे निव्वळ वैर राहत नाही. काही जातींची झाडं बुंध्यापाशी कापली तर त्यांना पुन्हा फांद्या फुटतात आणि काही वर्षांनी त्याच खोडावरून परत लाकूड घेता येतं. 750 वर्षं जगणारा एल्फ अशा कापणीचं तीनशे वर्षांचं वेळापत्रक आखून ते स्वतः पाळू शकतो. म्हणजे दोन वंशांमध्ये एक करार आहे, त्यात दोघांचं हित आहे, आणि दोघांनाही तो थोडा बोचतो. कॅम्पेनला याहून चांगली माती मिळणार नाही.

नियम म्हणून लिहून ठेवायचं तर प्रत्येक वंशाला एक गोष्ट भरपूर द्या, एक अशी द्या जी त्यांच्याकडे नाही पण जिच्यावाचून चालत नाही, आणि ती ज्याच्याकडे आहे असा एक शेजारी द्या.

पायरी तिसरी: आयुष्याचं गणित मांडा

कागदावर हिशोब करा. माणसांची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर एका ड्वार्फाच्या आयुष्यात माणसांच्या चौदा पिढ्या जातात, एल्फाच्या आयुष्यात तीस. दोनशे वर्षांपूर्वी माणसांच्या राजाने ड्वार्फांशी तह केला. आज गादीवर त्याचा आठवा वंशज आहे, त्याने तो तह वाचलाही नसेल. पण ड्वार्फांच्या बाजूने ज्या बाईने शिक्का उठवला ती अजून जिवंत आहे, रोज सकाळी कामावर जाते. माणसांना जो इतिहास वाटतो तो तिच्या लेखी न फिटलेला हिशोब. 'ड्वार्फ डूख धरतात' या घासून गुळगुळीत झालेल्या वाक्याला असा जीव येतो, आणि तिचं म्हणणं चूक आहे असं म्हणताच येत नाही.

उलट टोक आराकोक्रांचं. हे पक्षीरूपी लोक तिसऱ्या वर्षी मोठे होतात आणि फार तर तीस वर्षं जगतात. त्यांच्या वस्तीशेजारी राहणारी साठ वर्षांची माणूस-बाई त्यांच्या दहाएक पिढ्या पाहून बसलेली असते. कदाचित ते तिच्याकडे आपली वंशावळ विचारायला येतात, सीमेच्या वादात तिचीच साक्ष काढतात. परक्या वंशाची माणसं आपली स्मृती म्हणून सांभाळणारा समाज! मला ही कल्पना फार आवडते, आणि ती केवळ एका भागाकारातून मिळाली. पार्टीतल्या म्हाताऱ्या जादूगाराला अशा वस्तीत काय मान मिळेल, याचाही विचार करा.

पायरी चौथी: ते आपापसात कशावरून भांडतात?

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवायला सांगेन. ज्या वंशात सगळ्यांचं एकमत आहे तो वंश नाटकातल्या पडद्यासारखा असतो, रंगवलेला आणि सपाट. संस्कृती म्हणजे एकमत नव्हे. कशावरून भांडायचं आणि भांडताना कशाची शपथ घ्यायची यावरचं एकमत म्हणजे संस्कृती.

आपल्या गडावर कोळसा कमी पडतोय. करारानुसार यंदा जेवढं लाकूड मिळायचं तेवढं मिळून गेलं. लोकांत तीन बाजू पडल्या आहेत.

जुन्या कुळांचं म्हणणं असं की दिव्याखाली शब्द दिला आहे, भट्ट्या अर्ध्या विझल्या तरी चालतील. भट्टीवरच्या तरुणांचं म्हणणं, शब्द दिला तेव्हा गड निम्मा होता. ज्या शब्दाने आपलीच पोरं उपाशी राहतात तो पुन्हा दिव्याखाली आणून तपासलाच पाहिजे. तिसरी बाजू व्यापाऱ्यांची. ते म्हणतात, शब्द लाकडाबद्दल होता, दगडी कोळशाबद्दल नव्हता. माणसांकडून तो विकत घेऊ, शब्द मोडायचा प्रश्नच येत नाही.

तिघांचंही मूल्य एकच आहे, दिव्याखालचा शब्द. तिघांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. तुमच्या वंशातल्या गटांची हीच कसोटी लावा. एका गटाला परंपरा नको आणि दुसऱ्याला हवी अशी मांडणी झाली असेल तर ती पुन्हा करा, कारण त्यात एक बाजू आपोआप शहाणी आणि दुसरी आपोआप मूर्ख ठरते. प्रत्येक गटाला त्याच परंपरेतला पुरावा द्या. प्रत्येक गटात एक भला माणूस आणि एक मतलबी माणूस ठेवा. पार्टी कुणाचीही बाजू घेऊ शकली पाहिजे, आणि बाजू घेतल्यावर कुणाचं तरी खरं नुकसान झालं पाहिजे.

'दुष्ट वंश' हा जुना गुंता इथेच सुटतो. ज्यांच्यात आपापसात वाद आहेत ते सगळेच्या सगळे दुष्ट असू शकत नाहीत. धाड घालणारे ऑर्क हवे असतील तर जरूर ठेवा, पण धाड घालावी की नाही यावरून त्यांच्या शेकोटीभोवती काय बोलणं होतं ते तुम्हाला माहीत असू द्या. नियमांचा प्रवाहही याच दिशेने चालला आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2024 च्या पुस्तकात ताकद, बुद्धी वगैरेंची वाढ वंशाकडून काढून पात्राच्या पार्श्वभूमीला जोडली आहे. आकड्यांतला फरक कमी झाला की दोन वंश वेगळे वाटण्याची जबाबदारी संस्कृतीवर येते, म्हणजे आपल्यावर.

पायरी पाचवी: एकच विधी, पण नीट

सण, लग्न, अंत्यविधी, सगळ्यांचे तपशील लिहीत बसू नका. एक विधी निवडा. त्याची रचना करायला आर्नोल्ड व्हान जेनेप या अभ्यासकाने 1909 मध्ये मांडलेले तीन टप्पे पुरतात. आधी माणूस जुन्या ओळखीतून बाहेर पडतो, मग काही काळ तो अधांतरी असतो, मग नव्या ओळखीने परत येतो.

आपल्या गडावर वयात येणारा ड्वार्फ दिव्याशिवाय मोठ्या दालनात जातो, जिथे भिंत दिसत नाही. जाताना लहानपणचं नाव उंबऱ्यावर सोडतो. परत आल्यावर दिव्याखाली त्याला नवं नाव मिळतं. खेळाच्या दृष्टीने सोनं आहे ते मधल्या टप्प्यात. त्या काळात त्याला नाव नाही, त्याच्याशी बोलायची कुणाला मुभा नाही, तो कुठल्याच कुळाचा नाही. आणि पार्टीला हवी असलेली माहिती नेमकी त्याच्याकडे आहे. आता काय करतील?

नावं आणि बोलणं

इथे थोडक्यात काम होतं. वंशाच्या तोंडाची रचना पाहा आणि एखादा वर्णगट काढून टाका. चोचीच्या लोकांना ओठ नाहीत, म्हणून त्यांच्या नावांत प, फ, ब, भ, म येणार नाहीत असं ठरवा. किरेख, अच्यारी, त्सोहिन अशी नावं आपोआप एका घरची वाटतात. शिवाय पार्टीतल्या 'भैरम'चं नाव ते वेगळंच उच्चारतील, आणि खेळाडूला प्रत्येक संवादात आपण परक्या मुलखात आहोत हे जाणवत राहील.

त्याखेरीज एक अभिवादन, एक शिवी आणि एक शपथ एवढं पुरे, पण तिन्ही आधीच्या पायऱ्यांतून आलेली हवीत. आपल्या ड्वार्फांत पाहुण्याचा मान ठेवायचा तर 'तुमच्यासाठी दिवा लावू?' असं विचारतात. कुणाला खोटारडं म्हणायचं तर 'अंधारातला' एवढंच पुरतं.

खऱ्या समाजांकडून काय घ्यावं

खऱ्या जगातून शिकायलाच हवं, कारण माणसांनी जगण्याच्या इतक्या तऱ्हा शोधल्या आहेत की एकट्याची कल्पनाशक्ती तिथवर पोचत नाही. पण एखाद्या समाजाचा पोशाख, देव, आडनावं उचलून त्यावर टोकदार कान लावले की तो समाज टेबलावर सोंग होऊन बसतो. त्या समाजातलं कुणी खेळायला बसलं असेल तर त्याला ते सोसावं लागतं. म्हणून रूप घेऊ नका, यंत्रणा घ्या.

पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड आणि आसपासच्या बेटांवर कुला नावाची देवघेव चालते. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1922 मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळात एका दिशेने फिरतात, पांढऱ्या शिंपल्यांचे दंडकडे उलट दिशेने. कुणी ते कायमचे ठेवून घेत नाही, आणि नामांकित माळेचं मोल ती कुणाकुणाच्या हातून आली यावरही असतं. यातून यंत्रणा एवढीच: फिरत्या वस्तूने माणसं बांधली जातात आणि अडवून ठेवणाऱ्याची पत जाते. आपल्या गडांमध्ये हातोडे फिरतात असं करा. एखादा गड हातोडा परत पाठवत नाही, आणि अख्ख्या डोंगररांगेत कुजबुज सुरू होते. पार्टीला 'जादुई हातोडा शोधून आणा' असं काम देण्यापेक्षा हे कितीतरी पटींनी श्रीमंत आहे.

एका वंशासाठी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रणा घ्या आणि प्रत्येकीचं कारण तुमच्या वंशाच्या शरीरातून किंवा उणिवेतून नव्याने द्या. खेळाडूने ऐकताक्षणी खऱ्या समाजाचं नाव घेतलं, तर काम अजून बाकी आहे.

टेबलावर आणताना

हे सगळं एका पानात बसवा. वर शरीराच्या दोन गोष्टी, मग उणीव आणि शेजारी, मग सगळ्यांना मान्य असलेलं एक मूल्य आणि त्याचे तीन अर्थ, विधी, दहा नावं, अभिवादन-शिवी-शपथ. पानाच्या मागे तीन एनपीसी, म्हणजे डीएमने चालवायची पात्रं, प्रत्येक गटाचा एक. खेळाडूंना संस्कृती कळते ती या तिघांच्या तोंडून. गाव कसं आहे हे वाचून दाखवू नका. एका एनपीसीला दुसऱ्याबद्दल तक्रार करू द्या.

एखादा खेळाडू त्याच वंशाचं पात्र खेळत असेल तर सेशन झिरोमध्येच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या तयारीच्या बैठकीत, त्याला ते पान दाखवा आणि एक जागा त्याच्यासाठी कोरी ठेवा. तुमच्या कुळात मेलेल्यांचं काय करतात, हे तो ठरवेल आणि त्यानंतर ते तुम्हालाही बंधनकारक. त्याचं पात्र तीन गटांपैकी कुठे उभं आहे तेही विचारा. आणि खेळताना रीतीरिवाजाचा प्रश्न आला की त्याच्याकडून ज्ञानाचा रोल मागू नका, म्हणजे पात्राला ते माहीत आहे का हे फाशांवर सोडू नका. आपल्या घरची रीत त्याला माहीतच असणार, ती सरळ सांगून टाका. परक्या पात्रांनाही जीवघेणी चूक करण्याआधी इशारा मिळू द्या, समोरच्याचा चेहरा बदलला, खोलीतले आवाज थांबले, असा. धोका कळूनही त्यांनी मशाल पेटवली तर तो त्यांचा निर्णय, आणि मग परिणाम पुरेपूर द्या.

खेळताना तुम्ही आधी सांगितलेल्याच्या विरुद्ध काहीतरी बोलून जाल. एका ड्वार्फाने अंधारात दिलेला शब्द पाळला, आणि खेळाडूंनी ते बरोबर पकडलं. तेव्हा विधान मागे घेऊ नका. हा ड्वार्फ असा का वागला, त्याच्या घराण्यात काय घडलं होतं की त्यांना दिव्यावर विश्वास उरला नाही, हे सेशन संपल्यावर त्याच पानावर लिहा. तुमचा चौथा गट मिळाला.